पोट्टं वाया गेलं म्हणण्याआधी

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा रात्री दीड वाजता हेडफोन लावून जपानी कार्टून बघत बसला, की नागपुरातल्या बऱ्याच घरांत निकाल लागून जातो : पोट्टं वाया गेलं. या निकालामागे काही पक्क्या समजुती असतात. कार्टून म्हणजे लहान मुलांचा खेळ, हे खूळ बाहेरून आलेलं, असलं बघणारी मुलं माणसांतून उठतात आणि एखादा पुढे भलतंच काही करून बसतो. अ‍ॅनिमे (जपानी कार्टून), मांगा (जपानी चित्रकथा), व्हिडिओ गेम यांत आकंठ बुडालेल्यांना जपानमध्ये ओताकू म्हणतात, आणि त्यांच्याविषयी तिथल्या समाजानेही नेमकं हेच सगळं बोलून झालं आहे. पुढे तिथलं मत पालटलं, पण ओताकू सुधारले म्हणून ते पालटलं नाही. कुणी एखाद्या गोष्टीपायी वेडं झालं याला समाजाची हरकत नसते. ते वेड कशाचं आहे आणि त्याला बाहेर किती मान आहे, एवढंच समाज बघतो. जपानचा इतिहास तपासला तर हे स्पष्ट दिसतं.

बाहेरून आलेलं खूळ, हा समज आधी घेऊ. १९९३ मध्ये दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर जो मोगली आला, तो जपानचाच होता. निप्पॉन ॲनिमेशनने बनवलेली ही ५२ भागांची मालिका १९८९-९० मध्ये टीव्ही टोकियोवर दाखवली गेली होती. हिंदीत आली तेव्हा शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. आणि किपलिंगने मोगलीला वाढवलं ते सिवनीच्या डोंगरांत, म्हणजे नागपूरहून जबलपूरच्या रस्त्याला लागलं की पेंचच्या पुढे जो मुलूख येतो तिथे. आज मुलाला कार्टूनवरून बोलणारे वडील स्वतः या अ‍ॅनिमेवर वाढले आहेत. कार्टून फक्त मुलांसाठी असतं हा समज तर आपल्याला एकदा चांगलाच भोवला आहे. ‘शिन-चॅन’ १९९० मध्ये जपानमध्ये सुरू झालं ते प्रौढ वाचकांच्या साप्ताहिकात. आपण ते लहान मुलांच्या वाहिनीवर दाखवलं, मग त्यातल्या चावटपणाने हादरलो आणि २००८ मध्ये त्यावर बंदी आणली. मांगाची मासिकं वाचकाच्या वयाप्रमाणे वेगवेगळी निघतात, हे कुणी विचारलंच नाही. हिरोशिमाच्या अणुबॉम्बमधून वाचलेल्या केइजी नाकाझावांनी ‘बेअरफूट गेन’मध्ये स्वतःचं बालपण चित्रांतून मांडलं. ओसामू तेझुकांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं ‘बुद्ध’ ही मांगा रेखाटली. दीक्षाभूमीच्या शहराने तरी या माध्यमाला पोरखेळ म्हणण्याआधी थांबायला हवं.

माणसं बिघडतात, या समजाला मात्र एक ठरावीक तारीख आहे. १९८३ मध्ये अकिओ नाकामोरी या लेखकाने एका मांगा मासिकातल्या सदरात या चाहत्यांना ओताकू म्हणून हिणवलं, तेव्हा ती चाहत्यांच्या वर्तुळातलीच टवाळी होती. जुलै १९८९ मध्ये चार लहान मुलींचा खुनी त्सुतोमु मियाझाकी पकडला गेला. त्याच्या खोलीत पाच हजारांहून अधिक व्हिडिओ टेप सापडल्या. त्या खोलीचं चित्र घराघरांतल्या टीव्हीवर गेलं आणि हजारो निरुपद्रवी तरुण एका रात्रीत संशयित ठरले. एका खुन्याच्या कपाटावरून एका पिढीचं चारित्र्य ठरवणं हा तर्क नव्हता, ती भीती होती. भीती समजण्यासारखी आहे. मुली गमावलेल्या देशाला कारण हवं होतं. पण कारण तपासायचं तर आकडे बघावे लागतात. १९८९ मध्ये जपानमध्ये खुनाचे सुमारे १३०० गुन्हे नोंदले गेले. त्यानंतर अ‍ॅनिमे कितीतरी पटींनी वाढलं, आणि २०२३ मधला आकडा हजाराच्या खाली आहे. अ‍ॅनिमेमुळे खून कमी झाले असा दावा यातून करता येत नाही, आणि तो करूही नये. वाढले नाहीत, एवढं मात्र निर्विवाद आहे.

मग मत पालटलं कशाने? २००४ मध्ये इंटरनेटवरून एका लाजाळू ओताकूच्या प्रेमाची गोष्ट पसरली, ‘देन्शा ओतोको’ या नावाने तिचं पुस्तक झालं, पुढच्या वर्षी चित्रपट आणि टीव्ही मालिका आली. तारो आसो मांगाचं वेड उघडपणे सांगत २००८ मध्ये पंतप्रधान झाले. सरकारने जपानी संस्कृती जगाला विकण्यासाठी ‘कूल जपान’ निधी उभारला. २०२३ मध्ये अ‍ॅनिमे उद्योगाची उलाढाल तीन लाख कोटी येनच्या पुढे गेली, आणि त्यातला निम्म्याहून अधिक पैसा परदेशातून आला. आवड होती तीच राहिली. तिला किंमत आली, तशी प्रतिष्ठा आली. शिवाय पुरुषी, एकट्या ओताकूची जी प्रतिमा वर्तमानपत्रांनी रंगवली होती ती मुळातच अपुरी होती. चाहत्यांनी स्वतः काढलेल्या मांगांची कॉमिकेट ही जत्रा डिसेंबर १९७५ मध्ये टोकियोत सुरू झाली, तेव्हा आलेल्या सुमारे सातशे जणांत बहुसंख्य शाळा-कॉलेजातल्या मुली होत्या. २०१९ च्या उन्हाळ्यात चार दिवसांत तिथे सात लाखांहून जास्त लोक आले. याच हौशी वर्तुळातून क्लॅम्प हा चित्रकर्तींचा गट पुढे आला आणि जगभर वाचला गेला.

वेड आपल्याला खपतं, याचा पुरावा नागपुरात हवा तेवढा सापडेल. उमरेड-कऱ्हांडल्याचा ‘जय’ वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा त्याच्या काळजीने या शहराची झोप उडाली होती. तो नागझिऱ्याहून कधी आला, त्याचा भाऊ ‘वीरू’ कोणता, हे तोंडपाठ असणारी माणसं इथे आहेत. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून ओळख पटवायला दोन्ही बाजूंचे फोटो लागतात. ते फोटो शेजारी शेजारी ठेवून तासन् तास बसणाऱ्याला आपण अभ्यासू म्हणतो. योग्यच म्हणतो. मग एखाद्या दृश्यातला स्फोट कोणत्या चित्रकाराने काढला असेल, हे धुराच्या वळणावरून ओळखणारा अ‍ॅनिमेचा चाहता वेगळं काय करतो? डोळा तसाच तयार केलेला, चिकाटीही तीच. यावर कुणी म्हणेल, वाघवेडा निदान जंगलात जातो, हा खोलीत पडून असतो. पण कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कॉस्प्ले करणाऱ्या, म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेणाऱ्या मुलीचं चिलखत जवळून बघा. फोम शीटचे तुकडे कागदी साच्यावरून कापलेले, हीट गनने तापवून खांद्याच्या गोलाईवर बसवलेले, सांधे घासून रंग दिलेला. हे काम पडून राहून होत नाही, आणि सहसा एकट्याने होत नाही.

घरच्यांची सगळ्यात खरी काळजी एकलकोंडेपणाची आहे, आणि ती झटकून टाकण्यासारखी नाही. जपानमध्ये सहा महिने किंवा अधिक काळ घरात कोंडून घेतलेल्या माणसांना हिकिकोमोरी म्हणतात. सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार त्यांची संख्या सुमारे १४ लाख ६० हजार आहे. ओताकू आणि हिकिकोमोरी ही दोन नावं आपल्याकडे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. पण त्या पाहणीत पुढे आलेली कारणं नोकरी सुटणं, माणसांशी न जुळणं, कोविडची साथ अशी आहेत. कोंडून घेतलेला माणूस वेळ घालवायला अ‍ॅनिमे बघत असेलही; त्यावरून अ‍ॅनिमेने त्याला कोंडलं असं ठरत नाही. मुलगा कॉलेज बुडवायला लागला, जेवणाच्या वेळा चुकवायला लागला, जुन्या मित्रांचे फोन घेईनासा झाला, तर तो स्क्रीनवर क्रिकेट बघत असला तरी काळजी करावी आणि समुपदेशकाकडे जावं. हे काहीच नसेल, तर त्याच्या आवडीला दोष देऊन फक्त घरातलं बोलणं बंद होतं.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. काही मांगा आणि अ‍ॅनिमेत अल्पवयीन मुलींचं चित्रण ज्या पद्धतीने होतं ते किळसवाणं आहे. बाल अश्लील साहित्य नुसतं जवळ बाळगणं जपानने २०१४ मध्ये गुन्हा ठरवलं, पण रेखाटलेली चित्रं त्या कायद्यातून वगळली, आणि ही पळवाट बुजवायला हवी असं मला वाटतं. कलेच्या नावाखाली या चित्रांची पाठराखण करणाऱ्या चाहत्यांशी माझं जमणार नाही. मात्र हा दोष शोधायचा तर प्रत्येक कलाकृती वेगळी तपासावी लागते, आणि त्यासाठी ‘कार्टून’ हा एकच खण मोडावा लागतो. २०२१ च्या नियमांनी भारतातल्या ओटीटी मंचांना प्रत्येक मालिकेवर यू, यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए अशी खूण करणं बंधनकारक केलं आहे. सातवीतलं पोर हिंदीत डब झालेली मालिका लावून बसलं असेल, तर सुरुवातीला कोपऱ्यात येणारी ती खूण आई-वडिलांनी वाचावी आणि पहिला भाग त्याच्या शेजारी बसून बघावा.