बंद पडलेल्या वर्कस्टेशनचा सोर्स कोड : परवाना मागायचा कुणाकडे?

आजचा प्रश्न असा. एका जुन्या वर्कस्टेशनच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स कोड आपल्याला अभ्यासासाठी हवा आहे. ते यंत्र कॉलेजच्या डेडस्टॉक रजिस्टरमधून कधीच निर्लेखित झालंय, आणि बनवणारी कंपनीही उरली नाही. मग परवानगी घ्यायची कुणाची? आणि मुळात ती घ्यायची गरज आहे का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊ. गरज आहे. सातारा-सांगलीच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआयमध्ये विलीन झाली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये. पाट्या उतरल्या. पण म्हणून कुणाचं कर्ज माफ झालं का? ते नव्या बँकेच्या नावावर चढलं, आणि ठेवीही चढल्या. कॉपीराइटचं तसंच आहे. कंपनी जाते, हक्क दुसऱ्याकडे जातो.

तेव्हा पहिलं काम फेरफार काढण्याचं. वर्कस्टेशन बनवणारी अपोलो कंपनी १९८९ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने घेतली. डिजिटल इक्विपमेंट १९९८ मध्ये कॉम्पॅककडे गेली, आणि कॉम्पॅक २००२ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डकडे. सन मायक्रोसिस्टिम्स २०१० मध्ये ओरॅकलकडे गेली. अर्ज करायचा तो आजच्या मालकाकडे, यंत्रावरच्या नावाकडे नाही.

आता दुसरी अडचण. सातबारा एक असला तरी त्यावर नावं अनेक असतात. १९८५ साली आलेल्या सन-३ यंत्राचं उदाहरण घ्या. त्यावरची सनओएस उभी होती बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवर, आणि बर्कलीचं युनिक्स एटी अँड टीच्या युनिक्सवर. यंत्राबरोबर मिळायचा तो सिस्टीम चालवण्याचा परवाना. सोर्ससाठी वेगळा करार लागायचा, आणि सनच्या कराराआधी एटी अँड टीचा सोर्स परवाना हातात असावा लागायचा. म्हणजे एक मालक हो म्हणाला तरी भागत नाही. जून २००५ मध्ये सनने सोलारिसचा सोर्स खुला केला, तेव्हाही काही भाग बंदच राहिले, कारण ते खुले करण्याचा हक्क सनकडे नव्हता. आणि सन-३ वरची जुनी सनओएस त्या खुल्या सोर्समध्ये आलीच नाही.

मग मिळतं काय? बरंच काही, पण अटी वाचून घ्यायच्या. युनिक्सच्या पहिल्या सात आवृत्त्या आणि ३२व्ही यांचा सोर्स कॅल्डेरा कंपनीने जानेवारी २००२ मध्ये मोफत परवान्याखाली दिला. सिस्टीम थ्री आणि सिस्टीम फाइव्ह मात्र त्यातून स्पष्ट वगळल्या. झेरॉक्स अल्टोचा सोर्स २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियममार्फत आला, तो बिगर-व्यावसायिक वापरापुरता. ॲपल लिसाचा २०२३ मध्ये आला, तोही शैक्षणिक परवान्यावर. वाचायला मिळालं म्हणजे वाटायला मिळालं असं नाही, हे लक्षात ठेवा.

आपला कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच धरली जाते. कलम ५२ प्रमाणे कायदेशीर प्रत ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवू नये म्हणून राखीव प्रत करता येते, आणि प्रोग्रॅम कसा चालतो याचा अभ्यासही करता येतो. मालक सापडतच नसेल तर प्रकाशनाच्या परवान्यासाठी कलम ३१अ आहे. पण बघा, कायदा फार तर परवानगी देईल, टेप देणार नाही. ती कुणीतरी जपून ठेवलेली असावी लागते.

हे एवढं का करायचं? कारण सोर्स बंद झाला की शिक्षण अडतं. जॉन लायन्स यांनी १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियात सहाव्या आवृत्तीच्या सोर्सवर विद्यार्थ्यांसाठी विवेचन लिहिलं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात सोर्स शिकवण्यावर बंदी घातली. पुढे कित्येक वर्षं जगभरचे विद्यार्थी लायन्स यांचं पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून वाचत राहिले. ते रीतसर छापून आलं १९९६ मध्ये. त्याच बंदीपायी प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये स्वतःची मिनिक्स लिहिली.

म्हणून आमचा सल्ला असा. नुसतं जुन्या यंत्रावर खुली सिस्टीम चालवून शिकायचं असेल, तर नेटबीएसडी घ्या. ती सन-३ वर चालते, तिचा सगळा सोर्स खुला आहे आणि कुणाला अर्ज करावा लागत नाही. मूळ सिस्टीमचाच सोर्स हवा असेल, तर मालकाची साखळी काढा, कोणती आवृत्ती आणि कशासाठी हे अर्जात नेमकं लिहा, आणि उत्तर लेखी घ्या.

आणि कॉलेजमध्ये, कारखान्यात, बँकेत ज्यांच्या हाती निर्लेखनाची यादी येते त्यांना एक विनंती. यंत्र भंगारात गेलं तर जाऊ द्या. पण सही करण्याआधी कपाटातल्या टेपा, मॅन्युअल आणि मूळ परवान्याचा कागद बाजूला काढा. नव्या मालकाकडे अर्ज करताना आपली प्रत कायदेशीर आहे हे दाखवायला तोच कागद लागतो.