येणे बाकी

कर्जतच्या मामलेदार कचेरीबाहेर, वडाच्या सावलीत, माझे वडील दस्तलेखनाचा व्यवसाय करीत. आणि आज ज्याला मोठ्या कौतुकाने फ्रीलान्स म्हणतात तो धंदा आमच्या घरात त्या शब्दाच्या पुष्कळ आधीच येऊन बसला होता, हे ध्यानी येण्यासाठी मला स्वतःला त्यात पस्तीस वर्षे काढावी लागली. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरविले, आणि त्यानंतर कित्येक वर्षे जमिनीची किंमत ठरविण्याच्या ३२-ग च्या सुनावण्यांसाठी गावोगावचे भातकरी वडिलांपुढे उकिडवे बसत. अर्ज लिहून झाला, मोठ्याने वाचून दाखविला, अंगठा उठला, की शाई वाळण्यापूर्वी कनवटीची नोट सुटे. नोट नसेल तर तांदूळ येत, क्वचित एखादी कोंबडीही येई आणि आई वैतागे. पण देणे त्याच दिवशी फिटे. वडिलांच्या किर्दीत येणे बाकीचा रकाना होता खरा, पण तो बहुधा कोराच राही.

१९८९ साली मुंबईची नोकरी सोडून मी भाषांतर आणि मुद्रितशोधन या दोन कामांवर संसार चालवू लागलो, तेव्हा ज्यांच्याकडे वातानुकूलित कचेऱ्या, छापील पत्रे आणि स्वतंत्र हिशेबनीस आहेत अशा शिकल्यासवरल्या पक्षकारांकडून पैसा कनवटीपेक्षा लवकरच सुटेल, अशी माझी भोळी समजूत होती. ‘चेक तयार आहे, सही तेवढी राहिली आहे,’ हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की ते एखाद्या पाठशाळेत घोकवून घेत असावेत. तगादा लावण्यासाठी कर्जतहून शंभर किलोमीटर लोकलने जायचे, तितकेच परत यायचे. म्हणजे जाण्यायेण्यात चार तासांहून अधिक वेळ आणि कामाचा एक दिवस खर्ची पडे, आणि तो दिवस कोणत्याही बिलात लावता येत नसे. चेक हाती पडलाच तर तो मुंबईचा. कर्जतच्या शाखेत भरला की बाहेरगावचा म्हणून वसुलीला जाई आणि दोन-तीन आठवड्यांनी, बँकेची दलाली वजा होऊन, जमा दिसे. शेवटी मी दादरला एक खाते उघडले, आणि माझे पैसे माझ्या गावापासून शंभर किलोमीटरच्या आत-बाहेर राहू लागले. चेक न वटणे हा गुन्हा ठरविणारे कलम १३८ त्याच १९८९ च्या १ एप्रिलला अंमलात आले, तेव्हा ते कलम आणि माझा धंदा समवयस्कच म्हणायचे. परंतु बाराशे रुपयांच्या परत आलेल्या चेकासाठी वकील कोण करतो?

या साऱ्या काळातले एक काम मात्र मी विसरू शकत नाही. टाटांचे वीजगृह १९१५ मध्ये सुरू झाले त्या खोपोलीच्या परिसरात पुढे कारखाने वाढत गेले, आणि कामगारांना समजेल अशा भाषेत स्थायी आदेश लावण्याचे बंधन १९४६ च्या कायद्याने घातलेले असल्यामुळे, त्यांतील एका कारखान्याचे आदेश मराठीत आणण्याचे काम नव्वदच्या दशकात माझ्याकडे आले. सोबत फलकावर लावण्यासाठी १९३६ च्या मजुरीविषयक कायद्याचा गोषवाराही होता. हजारांहून कमी कामगार असतील तर मजुरी पुढील महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत आणि त्याहून अधिक असतील तर दहाव्या दिवसाच्या आत दिली पाहिजे, ही ओळ मी अतिशय निगुतीने, ‘आत’ या शब्दाबद्दल संदिग्धता राहू नये म्हणून तीनदा फिरवून, लिहिली. फलक लागला. बिलासाठी मी खोपोलीच्या गाडीने पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी ही स्थानके ओलांडीत चार महिन्यांत सहा खेपा घातल्या, आणि प्रत्येक खेपेस हिशेबखात्याच्या दाराशी तो फलक माझ्याच मराठीत मला सातव्या दिवसाची ग्वाही देत असे. मी कामगार नव्हतो. कामगार असण्यात कायद्याचे केवढे छत्र आहे, हे मला स्वतंत्र व्यवसायाच्या अभिमानाने तोपर्यंत उमगू दिले नव्हते.

त्यानंतर मी वडिलांची रीत निम्मी उचलली: अर्धी रक्कम आगाऊ, उरलेली काम सोपविताना. काही पक्षकार गेले. जे गेले त्यांचे येणे पुढे बुडालेच असते, अशी मी स्वतःची समजूत घातली, आणि ती सर्वस्वी खरी नव्हती. जमा झालेल्या रकमेतून कर आणि सहा महिन्यांचा शिधा बाजूला काढल्यावर उरेल तेच उत्पन्न मानायचे, हा नियम पाळणे पावसाळ्यात फार कठीण जाई. बिलांतून कापला जाणारा टीडीएस जून २००७ पासून पाच टक्क्यांचा दहा टक्के झाला. एका पक्षकाराने तो कापला पण सरकारजमा केला नाही, आणि तो माझ्याच पैशांचा चोर मला पुढे दोन वर्षे दिवाळीचे भेटकार्ड पाठवीत होता. २०१६ च्या वित्त अधिनियमाने व्यावसायिकांसाठी निम्मी जमा हेच उत्पन्न मानण्याची सोय केली, तेव्हा मी हर्षभरित होऊन यादी वाचली: वकील, वैद्य, वास्तुविशारद, चित्रपट-कलावंत. खालापूर तालुक्यात चौकजवळ नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या स्टुडिओत येणारा कलादिग्दर्शक वा संवादलेखक त्या यादीत बसतो. संवादांचे भाषांतर करणाऱ्याचे नाव तीत नाही.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि तगाद्याची ती जुनी यात्राही थांबली. नवल असे की, ज्यांनी मला वर्षानुवर्षे सहीसाठी ताटकळत ठेवले होते त्यांपैकी काहींचे पैसे आता मोबाइलवर दहा सेकंदांत येऊ लागले. म्हणजे अडचण सहीची कधीच नव्हती. त्याच वर्षी १ जुलैपासून उद्यम नोंदणी सुरू झाली व मी सूक्ष्म उद्योग झालो. २००६ च्या कायद्यानुसार पंचेचाळीस दिवसांपलीकडे लांबलेल्या देण्यावर बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज मागता येते. मी एकदाही मागितलेले नाही. पुढे २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात दुरुस्ती करून असे नियम घातले की लेखी करार असल्यास जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत आणि नसल्यास पंधरा दिवसांत आमचे देणे न चुकविणाऱ्यास, तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच वजा मिळेल. मी मोठ्या उमेदीने नोंदणी क्रमांक बिलाच्या माथ्यावर छापून घेतला. गेल्या चैत्रात मुंबईच्या एका नव्या पक्षकाराने नमुना पसंत केला, दर मान्य केला आणि मग अगदी सहज विचारले, ‘तुमची उद्यम नोंदणी आहे का हो?’ मी अभिमानाने होय म्हणालो. काम दुसऱ्याकडे गेल्याचे मला आठवड्याने कळले.