मानमोडीची साथ आणि तिचे ग्रंथ : १९१८ च्या इन्फ्लुएन्झाविषयक लेखनाचा वऱ्हाडच्या संदर्भात परिचय

प्रस्तावना :

इ. स. १९१८-१९ मध्ये जगभर पसरलेल्या इन्फ्लुएन्झाच्या साथीला पाश्चात्त्य लेखनात 'स्पॅनिश फ्लू' असे नाव आहे. या नावाचा साथीच्या उगमाशी संबंध नाही. पहिल्या महायुद्धात तटस्थ असलेल्या स्पेनमधील वृत्तपत्रांवर युद्धकालीन बंधने नव्हती. तेथील बातम्या मोकळेपणाने छापल्या गेल्या, म्हणून नाव स्पेनला चिकटले. महाराष्ट्रातील ग्रामीण समाजाने मात्र या आजाराला 'मानमोडी' हे स्वतःचे नाव दिले. या साथीत जगात सुमारे पाच कोटी माणसे मरण पावली असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते आणि त्यांपैकी एकाच देशातील सर्वाधिक मृत्यू हिंदुस्थानातील होते. असे असूनही साथीवरील सर्वपरिचित ग्रंथांत हिंदुस्थानच्या वाट्याला थोडीच पाने येतात, आणि वऱ्हाडातील खेडे तर जवळजवळ दिसतच नाही. बीबीसारख्या (ता. लोणार, जि. बुलढाणा) गावातून या ग्रंथांकडे पाहिल्यास ही उणीव अधिक ठळकपणे जाणवते.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) १९१८ च्या साथीवरील प्रमुख ग्रंथांचा परिचय करून देणे.
२) या ग्रंथांतील हिंदुस्थानविषयक माहितीचा आधार व मर्यादा स्पष्ट करणे.
३) वऱ्हाडातील ग्रामपातळीवरील साधनांकडे प्राध्यापक व विद्यार्थ्यांचे लक्ष वेधणे.

साथीचे स्वरूप :

साथीची पहिली लाट जून १९१८ मध्ये मुंबईत आली. १० जून रोजी सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. त्यांपैकी एक गोदीवर नेमणुकीस होता. मुंबईचे आरोग्य अधिकारी जे. ए. टर्नर यांनी बंदरातून आलेल्या या रोगाची नोंद केली. ही लाट तुलनेने सौम्य होती. सप्टेंबरमध्ये आलेली दुसरी लाट मात्र प्राणघातक ठरली. एकट्या मुंबई शहरात ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी ७६८ मृत्यू नोंदवले गेले. मुंबईहून रेल्वेमार्गाने ही लाट देशाच्या अंतर्भागात शिरली.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला होता. खरीप बुडाला, ज्वारीचे भाव चढले आणि अर्धपोटी माणसांवर रोगाने झडप घातली. मृतांमध्ये वीस ते चाळीस या कर्त्या वयाच्या माणसांचे प्रमाण मोठे होते. हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यूप्रमाण अधिक होते, ही बाब विशेष लक्षणीय आहे. घरातील आजाऱ्यांची शुश्रूषा स्त्रियांकडे असणे आणि त्यांच्या पोटात आधीच कमी अन्न जाणे, ही त्याची कारणे अभ्यासक देतात.

उपाय जवळजवळ नव्हतेच. रोगास एक जिवाणू कारणीभूत आहे असा त्या काळी समज होता व त्याआधारे लसही तयार केली गेली. मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रत्यक्षात १९३३ मध्ये ओळखला गेला आणि १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकीय रचना २००५ मध्ये उलगडली.

पाश्चात्त्य ग्रंथ :

रिचर्ड कोलियर यांचा 'द प्लेग ऑफ द स्पॅनिश लेडी' (१९७४) हा ग्रंथ साथीतून वाचलेल्या सतराशेहून अधिक व्यक्तींच्या आठवणींवर उभा आहे. आल्फ्रेड क्रॉस्बी यांचा ग्रंथ १९७६ मध्ये 'एपिडेमिक अँड पीस, १९१८' या नावाने निघाला व १९८९ मध्ये 'अमेरिकाज फरगॉटन पँडेमिक' या शीर्षकाने पुन्हा प्रसिद्ध झाला. इतकी मोठी आपत्ती समाज विसरला कसा, हा क्रॉस्बी यांचा मूळ प्रश्न आहे. जीना कोलाटा यांचा 'फ्लू' (१९९९) विषाणूच्या शोधाची कथा सांगतो, तर जॉन बॅरी यांचा 'द ग्रेट इन्फ्लुएन्झा' (२००४) अमेरिकी वैद्यकाची घडण आणि शासनाने सत्य दडपल्याचे परिणाम यांवर भर देतो. लॉरा स्पिनी यांच्या 'पेल रायडर' (२०१७) या ग्रंथाचे वैशिष्ट्य असे की, त्यात युरोप-अमेरिकेबाहेरील जगाला हेतुपूर्वक स्थान दिले आहे.

या ग्रंथांच्या प्रकाशनवर्षांकडे पाहिल्यास एक गोष्ट ध्यानात येते. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूची भीती होती. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूने माणसे दगावली. २००३ मध्ये सार्सची साथ आली. वर्तमानात भय निर्माण झाले की जुन्या साथीचे स्मरण होते व ग्रंथाला वाचक मिळतो. कोविड-१९ नंतरही तेच घडले. मात्र भयापोटी वाचलेला इतिहास बहुधा 'आपण काय शिकावे' एवढ्यापुरताच वाचला जातो. 'तेव्हा कोण मेले' हा प्रश्न मागे पडतो.

हिंदुस्थानविषयक लेखन :

हिंदुस्थानातील मृत्यूंचा आकडा काळानुसार बदलत गेला आहे. १९२१ च्या जनगणनेचे आयुक्त जे. टी. मार्टेन यांनी संपूर्ण देशासाठी सव्वा कोटीच्या आसपास अंदाज केला. किंग्जले डेव्हिस यांनी 'द पॉप्युलेशन ऑफ इंडिया अँड पाकिस्तान' (१९५१) मध्ये तो सुमारे दोन कोटींवर नेला. आय. डी. मिल्स यांनी १९८६ च्या शोधनिबंधात १ कोटी ७० ते १ कोटी ८० लाख हा आकडा मांडला. २०१२ मध्ये सिद्धार्थ चंद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश अमलाखालील प्रांतांसाठी सुमारे १ कोटी ३९ लाख असा अंदाज दिला. सर्वांचा मूळ आधार जनगणना आणि गावोगावच्या जन्ममृत्यूनोंदी हाच आहे. फरक पडतो तो न नोंदलेल्या मृत्यूंची भर कशी घालायची यामुळे.

मृदुला रामण्णा यांनी हॉवर्ड फिलिप्स व डेव्हिड किलिंग्रे संपादित ग्रंथात (२००३) मुंबईतील साथीचा व स्वयंसेवी संस्थांच्या कार्याचा वेध घेतला आहे. मुंबईतील जातवार आकडे समाजशास्त्राच्या अध्यापकांनी आवर्जून पाहावेत असे आहेत. दर हजारी मृत्यूप्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, तर तत्कालीन नोंदींत 'कनिष्ठ जातींचे हिंदू' म्हणून गणलेल्यांत ६१.६ होते. विषाणू जात पाहत नाही हे खरे. परंतु दाट वस्ती, अपुरे अन्न आणि वैद्यकीय मदतीचा अभाव हे मात्र जातीप्रमाणे वाटले गेले होते. अलीकडील चिन्मय तुंबे यांचा 'द एज ऑफ पँडेमिक्स' (२०२०) आणि डेव्हिड अर्नोल्ड यांचा 'पँडेमिक इंडिया' (२०२२) हे दोन्ही ग्रंथ कॉलरा, प्लेग व इन्फ्लुएन्झा यांचा एकत्रित विचार करतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने थिओडोर शुल्त्झ यांचा 'ट्रान्सफॉर्मिंग ट्रॅडिशनल ॲग्रिकल्चर' (१९६४) हा ग्रंथ महत्त्वाचा आहे. शेतीवर अतिरिक्त मजूर असतात व ते कमी झाले तरी उत्पादन घटत नाही, या सिद्धांताची कसोटी त्यांनी याच साथीवर लावली. मजूरसंख्या सुमारे आठ टक्क्यांनी घटली तेव्हा पेरणीखालील क्षेत्रही सुमारे चार टक्क्यांनी घटले. म्हणजे तथाकथित अतिरिक्त मजूर निरुपयोगी नव्हते, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमर्त्य सेन यांनी १९६७ मध्ये या कसोटीवर आक्षेप घेतले. कर्त्या माणसांच्या मृत्यूने कोलमडलेले कुटुंब आणि सुनियोजितपणे शेतीबाहेर गेलेला मजूर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या वादातून विद्यार्थ्यांना चांगले समजावून देता येते.

साहित्य व आत्मचरित्र :

हिंदीतील सूर्यकांत त्रिपाठी 'निराला' यांनी 'कुल्ली भाट' (१९३९) मध्ये या साथीत पत्नी व कुटुंबीय गमावल्याचे लिहिले आहे. अहमद अली यांच्या 'ट्वायलाइट इन दिल्ली' (१९४०) या कादंबरीतही साथ येते. साधनचिकित्सेचे उदाहरण म्हणून महात्मा गांधींचा उल्लेख करता येईल. १९१८ मध्ये गांधीजींना स्पॅनिश फ्लू झाला होता असे विधान अनेक लोकप्रिय पुस्तकांत आढळते. परंतु त्यांच्या आत्मकथेत त्या आजारपणाचे वर्णन आमांश म्हणून आहे. साथीत मृत्यू आला तो त्यांची सून, हरिलाल यांच्या पत्नी गुलाब यांना.

मराठीत प्लेगविषयी जेवढे लेखन आढळते तेवढे मानमोडीविषयी आढळत नाही. पुण्यातील प्लेगला रँडच्या वधाची पार्श्वभूमी होती, सावित्रीबाई फुले यांचे १८९७ मधील बलिदान होते आणि घरे सोडून माळावर राहण्याचा दीर्घ अनुभव होता. मानमोडी काही आठवड्यांत आली आणि गेली. तिच्याविषयी संताप धरावा असा कोणी डोळ्यांसमोर नव्हता आणि सांगण्याजोगे माणूसच पुष्कळ घरांत उरले नाही.

वऱ्हाड व बुलढाणा जिल्हा :

मध्य प्रांत व वऱ्हाड हा सर्वाधिक मृत्यू झालेल्या प्रांतांपैकी एक होता. त्यामानाने बंगालची हानी बरीच कमी झाली. वऱ्हाडची लोकसंख्या १९११ मध्ये सुमारे ३०.५७ लाख व १९२१ मध्ये सुमारे ३०.७५ लाख होती. वरवर पाहता काहीच घडले नाही असे वाटावे. परंतु ही स्थिरता म्हणजे आधीच्या सात वर्षांची वाढ पुसली गेल्याची खूण आहे. आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्राचा विचार करता याच दशकात लोकसंख्या २.९१ टक्क्यांनी घटली. १९२१ हे वर्ष लोकसंख्याशास्त्रात 'महाविभाजन वर्ष' म्हणून शिकवले जाते. त्यामागे मानमोडी उभी आहे हे विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितले जाते.

ए. ई. नेल्सन यांचे बुलढाणा जिल्ह्याचे गॅझेटियर १९१० चे आहे. साथीच्या आठ वर्षे आधीच ते थांबते. जिल्ह्यातील मलकापूर, नांदुरा, शेगाव ही गावे भुसावळ-नागपूर लोहमार्गावर आहेत. बीबी मात्र घाटावर, रेल्वेपासून दूर, तेव्हाच्या मेहकर तालुक्याच्या परिसरात. रोग रेल्वेच्या गावांत आधी व घाटावर नंतर पोहोचला काय? उशिरा पोहोचला असल्यास त्याची तीव्रता कमी झाली होती काय? साथ पूर्वेकडे सरकताना मंदावत व सौम्य होत गेली असे २०१४ मधील एका अभ्यासाने देशपातळीवर दाखवले आहे. जिल्हापातळीवर त्याची पडताळणी करता येण्यासारखी आहे.

यासाठीचे मुख्य साधन म्हणजे 'कोतवाल बुक'. जातीच्या दाखल्यासाठी आणि वैधता प्रमाणपत्रासाठी त्याची नक्कल काढणे विदर्भातील प्रत्येक कुटुंबाला परिचित आहे. त्याच वहीत मृत्यूच्याही नोंदी असतात. जेथे वह्या टिकून आहेत तेथे १९१७, १९१८ व १९१९ या तीन वर्षांतील मासिक मृत्यूंची तुलना केल्यास साथीचे अतिरिक्त मृत्यू काढता येतील. मृत्यूचे कारण बहुतेक ठिकाणी केवळ 'ताप' असे लिहिलेले असते, म्हणून कारणापेक्षा महिन्यावर विसंबावे. नोंद ठेवणाराच आजारी पडल्याने कोऱ्या राहिलेल्या जागाही पुरावा म्हणूनच वाचाव्यात. मोडी लिपीचे वाचन, कागदाची जीर्णावस्था आणि कुटुंबांची गोपनीयता या तीन बाबींची काळजी घेणे आवश्यक आहे. प्रसिद्धी आकड्यांना द्यावी, नावांना नव्हे.

निष्कर्ष :

१) साथीवरील लोकप्रिय ग्रंथ पाश्चात्त्य अनुभवावर केंद्रित आहेत, हिंदुस्थानविषयक लेखन प्रांत व महानगर यांच्या पातळीवर थांबते.
२) मृत्यूचे आकडे अंदाज आहेत. ते शिकवताना त्यामागील पद्धतीही शिकवणे आवश्यक आहे.
३) साथीची हानी जात, लिंग व अन्न यांच्या विषमतेनुसार वाटली गेली.
४) इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येईल असा हा स्थानिक विषय आहे.

मानमोडी पाहिलेली पिढी आता हयात नाही. त्यांच्या मुला-नातवंडांच्या तोंडी उरलेली एखादी आठवण आणि अभिलेख कक्षातील ठिसूळ झालेल्या वह्या एवढेच शिल्लक आहे. या वह्या आज एका नावाच्या शोधासाठी उघडल्या जातात व ते नाव सापडताच मिटल्या जातात. त्याच वहीतील १९१८ च्या आश्विन-कार्तिकाची पाने आपल्या महाविद्यालयांनी वेळीच वाचली, तर जगभरच्या ग्रंथांत नसलेले एक प्रकरण वऱ्हाडातून लिहिले जाऊ शकेल.