कारभार कुणाचा? (लेखांक 5) : रामनदीच्या काठावरचे मालक

मागच्या लेखांकात पिंपरी-चिंचवड पाहिले. 1970 साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी यांची मिळून नगरपालिका झाली, 1982 मध्ये महापालिका. गावे आत गेली, शहर उभे राहिले. हिशेब सरळ होता. मुळशी तालुक्यातल्या भुकूमचा तसा नाही.

चांदणी चौकातून पौड रस्त्याला लागले की बावधन, भूगाव आणि मग भुकूम. यातले बावधन बुद्रुक जून 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेले, सूस-म्हाळुंग्यासह एकूण 23 गावांच्या यादीत. भूगाव आणि भुकूम ग्रामपंचायतीतच राहिले. मात्र त्यांच्या डोक्यावर 2015 पासून पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आहे. त्याला सगळे ‘पीएमआरडीए’च म्हणतात. मुळशीसह नऊ तालुक्यांतली आठशेच्या आसपास गावे, सुमारे सात हजार चौरस किलोमीटर मुलूख आणि अध्यक्षस्थानी खुद्द मुख्यमंत्री.

प्राधिकरणाने ग्रामपंचायती विलीन केल्या नाहीत. तेवढी गरजच पडली नाही. बांधकाम परवानगी, विकास आराखडा आणि विकास शुल्क वर गेले; घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती आणि कचरा खाली राहिला. टोलेजंग सोसायटीचा नकाशा मंजूर होतो प्राधिकरणात. नळाला पाणी आले नाही की रहिवासी जाब विचारतात तो मात्र सरपंचांना, आणि सरपंचांनी तर तो नकाशा मंजूर केलेलाच नसतो.

तरीही प्राधिकरण नकोच, असे म्हणणे सोपे नाही. कारण रामनदी. भुकूमच्या हद्दीत, खाटपेवाडीच्या बाजूला ती उगम पावते, भूगावच्या मानस तलावातून बावधनला उतरते, पाषाण तलाव भरते आणि औंधकडे जाऊन मुळेला मिळते. जेमतेम वीस किलोमीटरची नदी, पण वाटेत दोन ग्रामपंचायती आणि एक महापालिका. उगमाशी ओढे बुजवून प्लॉट पाडले तर पाणी बाणेर-पाषाणमध्ये घरात शिरते; ऑक्टोबर 2010 च्या पुराने ते दाखवून दिले. भुकूमची ग्रामपंचायत पाषाणच्या मतदारांना बांधील नाही, आणि पुण्याच्या नगरसेवकाचे भुकूममध्ये काही चालत नाही. अख्ख्या नदीचा विचार करणारे कुणीतरी लागतेच. खरा वाद आहे तो त्या ‘कुणीतरी’ला निवडायचे कुणी, याचा.

यावर घटनेत उत्तर आहे. 74 व्या दुरुस्तीने महानगर नियोजन समिती सक्तीची केली आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य नगरसेवक व पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडावेत, असे ठरवले. पुण्यात ही निवडणूक नोव्हेंबर 2021 मध्ये झाली. 30 जागांपैकी मोठ्या शहरांच्या वाट्याला 22, ग्रामीण भागाला 7. लोकसंख्येच्या प्रमाणात हे बरोबर असेलही. पण ज्या जमिनीवर आराखडा रेखायचा, ती बहुतेक त्या सातांच्याच बाजूची! पुढे मार्च 2022 मध्ये दोन्ही महापालिकांची मुदत संपली, निवडणुका रखडल्या, प्रशासक बसले. नगरसेवकच उरले नव्हते, तर त्यांच्यातून निवडलेली समिती कशाच्या बळावर उभी राहणार होती?

मुंबईत 1975 पासून हेच चालू आहे. तिथल्या प्राधिकरणाचे, म्हणजे एमएमआरडीएचे, पूल आणि मेट्रो दिसतात, मतपेटी दिसत नाही. बाहेरही ही रस्सीखेच जुनीच. टोरांटोत 1998 साली सहा नगरपालिका एक केल्या गेल्या, तेही आदल्या वर्षीच्या मतदानात लोकांनी नकार दिल्यावर. लंडनने 1986 मध्ये आपली महानगर परिषद बरखास्त झालेली पाहिली. 2000 साली निवडून दिलेला महापौर आणि सभा घेऊन नवी रचना आली. लंडनचा धडा आपल्याला जास्त उपयोगाचा: प्राधिकरण ठेवा, पण त्याला मत द्यायची सोय करा.

इकडे प्राधिकरणाचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर हरकतींचा पाऊस पडला, प्रकरण न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. भुकूमचा डोंगरउतार, ओढे आणि पौड रस्त्याची रुंदी यांचा निर्णय आता पुन्हा नव्वदच्या दशकातल्या प्रादेशिक योजनेचा आधार घेऊन होतो. ती आखली तेव्हा इथे भातखाचरे होती.

(पुढील आठवड्यात : फुरसुंगी आणि उरुळी देवाची, महापालिकेत जाऊन परत फिरलेली गावे)