जुनी इंजिने : भंगार की भांडवल?

दरवर्षी १ जून रोजी कोकण किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारी थांबते, ती ३१ जुलैपर्यंत. माशांच्या प्रजननासाठी राखून ठेवलेले हे ६१ दिवस श्रीवर्धन तालुक्यातील कोळीवाड्यांत विश्रांतीचे नसतात. जीवना बंदर, भरडखोल, दिघी या ठिकाणच्या नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात, फाटलेली जाळी सांधली जातात, आणि नौकेच्या पोटातील इंजिन उघडून त्याचा एकेक भाग तपासला जातो. नारळी पौर्णिमेच्या सुमारास दर्या शांत होऊ लागला की नौका निघालीच पाहिजे. त्या दिवशी जे इंजिन चालू होणार नाही, त्याच्या मालकाचा हंगामाचा सर्वांत चांगला काळ धक्क्यावर जातो.

ही इंजिने बहुधा मालमोटारीच्याच कुळातील असतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील ट्रॉलरांमध्ये अशोक लेलँडच्या सहा सिलिंडरी इंजिनांचा मोठा भरणा आहे. म्हणजे ज्या इंजिनाने माणगाव-म्हसळा मार्गावरील चढणी चढायच्या, त्याच घराण्यातील दुसरे इंजिन समुद्रात पंखा फिरवते. श्रीवर्धनला रेल्वे नाही. चिरे, सिमेंट, धान्य आत आणायचे आणि रोठा सुपारी, नारळ, मासळी बाहेर न्यायची ती डिझेलच्याच बळावर. दिघी-आगरदांडा आणि बागमांडला-वेसवी येथील तरीही त्याच इंधनावर चालतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले, सुपारीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हा पाणी उपसण्यास आणि दिवा लावण्यास ज्यांच्यापाशी डिझेल जनित्र होते, त्यांनाच त्याचे मोल कळले. अशा तालुक्यात जुने इंजिन जिवंत ठेवण्याची विद्या हा हौसेचा विषय उरत नाही. तो उपजीविकेचा प्रश्न ठरतो.

एका पिढीची ठेव

भारतात अवजड डिझेल वाहनांचे युग खऱ्या अर्थाने १९५४-५५ च्या सुमारास सुरू झाले. टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशी सहकार्य करून जमशेदपूर येथे मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. हा करार १९६९ मध्ये संपला आणि बॉनेटवरील मर्सिडीजच्या ताऱ्याच्या जागी टाटांचे चिन्ह आले. १९४८ मध्ये मद्रासला स्थापन झालेली अशोक मोटर्स ही कंपनी १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँडशी सहकार्य करून अशोक लेलँड झाली. एस.टी. महामंडळाच्या ताफ्यात पुढे या दोन्ही घराण्यांच्या गाड्या राहिल्या. आपल्याकडील डिझेल मिस्त्रींची पहिली मोठी फळी तयार झाली, ती बऱ्याच अंशी अशा आगारांच्या आणि हमरस्त्यावरील गॅरेजांच्या आवारातच.

त्या काळच्या इंजिनांची घडण समजून घेतली पाहिजे. साधारण पाच ते साडेसहा लिटर क्षमतेचे, ओतीव लोखंडाचे, सहा सिलिंडरांचे असे हे यंत्र होते. त्यात विजेची ठिणगी लागत नाही. हवा पंधरा-सोळा पटींहून अधिक दाबली की ती एवढी तापते की तिच्यात उडवलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे यशस्वी करून दाखविलेले तत्त्व हेच. ठिणगी नाही, संगणक नाही. इंधनाचे माप ठरविणारा पंप आणि ते फवारणारी नोझले एवढीच काय ती नाजूक यंत्रणा. म्हणूनच ते उघडता येते, मोजता येते आणि पुन्हा बांधता येते. झिजलेला लाईनर काढून नवा बसवावा, क्रँकशाफ्ट पाव-पाव मिलिमीटरने घासून त्या मापाची जाड बेअरिंगे घालावी, व्हॉल्व्ह व त्यांच्या बैठका दळून घ्याव्या, नव्या रिंगा चढवाव्या. मुख्य ब्लॉक शाबूत असेल तर असे पुनरुज्जीवन एकदाच नव्हे, अनेकदा होऊ शकते. झीज व्हावी ती बदलता येणाऱ्या भागांचीच, असा विचार मूळ आराखड्यातच केलेला होता.

धुराची भाषा

मात्र ‘उघडता येते’ म्हणजे कोणीही उघडावे असे नाही. जाणता मिस्त्री पाना हाती घेण्यापूर्वी धूर पाहतो. काळा धूर दिसला तर इंधन जास्त जाते आहे किंवा हवा कमी पडते आहे. मग आधी हवेची चाळणी, नंतर नोझले. निळसर धूर म्हणजे रिंगांवाटे वा व्हॉल्व्हच्या मार्गिकांवाटे वंगण जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर हटत नसेल, तर पाणी आत शिरत असावे किंवा एखाद्या सिलिंडरात डिझेल पेटतच नसावे. ऑइलचा रंग दुधाळ झाला, तर त्यात पाणी मिसळले हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. एकेका नोझलची नळी क्षणभर सैल करायची आणि इंजिनाचा आवाज ऐकायचा. जिच्यामुळे आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीच काम सोडून बसला आहे. १-५-३-६-२-४ हा सहा सिलिंडरांच्या पेटण्याचा क्रम अशा मिस्त्रीला पाढ्यासारखा पाठ असतो.

पण कानाच्या आणि डोळ्यांच्या या विद्येलाही मर्यादा आहे, आणि ती ओळखतो तोच उत्तम कारागीर. इंधन पंपातील दांडा आणि त्याची नळी यांमधील फट काही मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांची असते. तेथे अंदाजाला वाव नाही. पंप चाचणी-मेजावर चढवून प्रत्येक सिलिंडरास सारखे इंधन जाते की नाही हे मोजावेच लागते. कितीतरी चांगली इंजिने बिघडली आहेत ती जुनेपणाने नव्हे, तर पंपाचा मोहोरबंद स्क्रू ‘जरा जास्त ताकद यावी’ म्हणून फिरविल्याने. त्यातून ताकद थोडी येते, धूर पुष्कळ येतो आणि पिस्टनचे आयुष्य घटते.

समुद्रावर आणखी एक शत्रू असतो, तो म्हणजे खारे पाणी. मालमोटारीच्या इंजिनाला समोरून वारा मिळतो. नौकेच्या पोटात तो मिळत नाही. म्हणून रेडिएटरच्या जागी उष्णता-विनिमयक बसवून आतले गोडे पाणी बाहेरच्या समुद्राच्या पाण्याने थंड करायचे, ही योग्य पद्धत. खर्च वाचविण्यासाठी समुद्राचे पाणीच थेट इंजिनातून फिरविले, तर तापल्यावर क्षार साठतात, मार्ग अरुंद होतात आणि लोखंड आतून खाल्ले जाते. जस्ताचा तुकडा आपण झिजून इतर धातूला वाचवितो. पण तो वेळेवर बदलला तर! शिवाय मोटारीला उतार असतो, थांबा असतो, तर जाळे ओढणाऱ्या इंजिनाला तासन्‌तास एकसारखा भार वाहावा लागतो. पंख्याला लागणारी शक्ती साधारणतः त्याच्या फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे बंदराकडे परतताना फेरे दहा टक्क्यांनी कमी ठेवले, तर शक्ती सुमारे २७ टक्के कमी लागते. हा साधा हिशेब कळलेला तांडेल डिझेलही वाचवितो आणि इंजिनही.

वयाचा न्याय, की प्रकृतीचा?

हे सर्व खरे असले, तरी जुन्या इंजिनांचे आंधळे कौतुक करणेही बरोबर होणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग होण्याचे निश्चित कारण असल्याचे जाहीर केले. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानके लागू झाली. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दशलक्षांत १० भागांवर आले आणि नव्या वाहनांच्या धुराड्यात काजळी अडविणारे गाळणे आले. जुन्या इंजिनाची कितीही निगा राखली तरी ते या पातळीवर येणार नाही. लक्षावधी माणसांच्या दाटीतून दिवसभर धावणारी जुनी मालमोटार रस्त्यावरून जाणेच योग्य, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न आहे तो सर्वांना एकच काठी लावण्याचा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर केले, त्यात खाजगी मालकांच्या वाहनांसाठी वयापेक्षा योग्यता-चाचणीला महत्त्व देण्यात आले, हे स्वागतार्ह होय. पण व्यवहारात ‘पंधरा वर्षे’ हा आकडाच लोकांच्या मनावर ठसला आहे. वर्षातून थोडेच दिवस चालणारी चिऱ्यांची गाडी आणि महानगराच्या वेशीवर रोज रांगेत उभी राहणारी गाडी यांचे वय सारखे असेल. त्यांच्यामुळे होणारे नुकसान सारखे नसते. नौकांना तर मोटार वाहन कायदा लागूच नाही. तेथे नवे इंजिन घेण्याची ऐपत नसलेला मच्छीमार जुनेच चालविणार, हे उघड आहे. मग ते नीट चालावे की धूर ओकत चालावे, एवढीच निवड समाजापुढे उरते. बिघडलेल्या नोझलांचे इंजिन डिझेल वाया घालविते आणि वाया गेलेले डिझेल मच्छीमाराच्या खिशातून जाते, तसेच हवेतही जाते. सुस्थितीत ठेवणे हे येथे काटकसरीचे आणि प्रदूषण कमी करण्याचे असे दुहेरी साधन ठरते.

पुनर्बांधणीला मागासलेपणाचे लक्षण मानण्याचेही कारण नाही. अमेरिकेतील कॅटरपिलर कंपनी १९७३ पासून वापरलेली इंजिने परत घेऊन, कारखान्यात नव्याने बांधून विकते. आपल्याकडे टाटा मोटर्सनेही ‘प्रोलाईफ’ या नावाने पुनर्बांधित भागांची योजना चालविली आहे. ओतीव ब्लॉक वितळवून नवा ओतण्यास जी ऊर्जा लागते, तिची बचत हा त्यामागचा व्यवहार आहे. जे मोठ्या कारखान्यात शहाणपण ठरते, ते किनाऱ्यावरील पत्र्याच्या शेडमध्ये जुगाड का ठरावे?

खरी उणीव आहे ती माणसांची आणि साधनांची. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे गेली. वहीत उतरली नाही. शागिर्द आता मुंबईची वाट धरतो, आणि जो मागे राहतो तो नव्या दुचाक्यांकडे वळतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. पण किनारी तालुक्यांत त्याला नौकेच्या इंजिनाची जोड हवी. खाऱ्या पाण्याचे शीतन, पंख्याचा भार, इंधनातील पाणी वेगळे करणे हे धडे कोकणात शिकवायचे नाहीत, तर कोठे? बंदीकाळातील दोन महिने अशा शिक्षणासाठी आयतेच उपलब्ध असतात. त्याच काळात मच्छीमार सहकारी संस्थांनी एकत्र येऊन नोझल व पंप तपासण्याचे एखादे सामाईक केंद्र तालुक्यात चालविले, तर कारागिराला मोजमापाचे साधन मिळेल आणि मालकाला पंप घेऊन दूरच्या शहरापर्यंत खेपा घालाव्या लागणार नाहीत. डिझेलवरील कराचा परतावा याच संस्थांमार्फत सभासदांना मिळतो. त्यांच्यापाशी संघटना आहे, नोंदी आहेत. इंधन स्वस्त मिळावे यासाठी जेवढा आग्रह धरला जातो, तेवढाच ते कमी जळावे यासाठीही धरला पाहिजे.

आणखी एक गोष्ट तातडीने व्हावयास हवी. जे वृद्ध मिस्त्री आज हयात आहेत, त्यांचे अनुभव, त्यांची मापे, त्यांचे ठोकताळे मराठीत लिहून काढले पाहिजेत. परिभाषा नव्याने घडविण्याची जरुरी नाही. ‘इंजिनने हवा धरली’ हे वाक्य किनाऱ्यावरच्या प्रत्येकाला समजते. पुस्तकांतील आकडे आणि या अनुभवाची सांगड घातली, तर उद्या ही इंजिने निवृत्त होतील तेव्हाही त्यांनी घडविलेली शिस्त नव्या यंत्रांच्या कामी येईल. विजेवर चालणाऱ्या नौका आल्या, तरी बेअरिंग झिजणार आहे, मीठ खाणार आहे आणि कोणीतरी वेळेवर लक्ष द्यावे लागणार आहे. यंत्र मोडीत काढणे एका दिवसाचे काम आहे. ते जाणणारा माणूस घडविण्यास वीस वर्षे लागतात. धोरण आखताना या दुसऱ्या हिशेबाचा विसर पडू नये.