टाकीचा पत्रा : गरम लाटलेला की थंड लाटलेला?

बारडोली म्हटले की आपल्याला १९२८ चा शेतसाऱ्याविरुद्धचा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात. सुरत जिल्ह्यातील या तालुक्याची आणखी एक ओळख आहे, ती म्हणजे सहकाराची. तापीवरील काकरापार बंधाऱ्याच्या कालव्यांनी येथे ऊस वाढला आणि श्री खेडूत सहकारी खांड उद्योग मंडळीचा मोठा साखर कारखाना उभा राहिला. सुरत जिल्ह्याचा सहकारी दूधसंघ, म्हणजे 'सुमुल', १९५१ पासूनचा. ऊस आणि दूध ही जोडी आपल्या बेळगाव-कोल्हापूर भागालाही परिचयाची आहे. या दोन्ही धंद्यांत टाकीवाचून चालत नाही, आणि टाकी स्टेनलेस स्टीलची करावयाची ठरली की पहिला प्रश्न येतो तो असा : पत्रा 'हॉट रोल्ड' घ्यावा की 'कोल्ड रोल्ड'? पैसा सभासदांचा असतो आणि टाकीत साठणारे दूधही त्यांचेच असते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर सोडून चालणार नाही.

प्रथम एक गैरसमज दूर करू. गरम लाटलेले पोलाद हलके आणि थंड लाटलेले उंची, असा भेद नाही. दोन्हींचे रासायनिक घटक एकच असू शकतात. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते, मग पत्रा कसाही लाटलेला असो. गंजाला अटकाव करतो तो क्रोमियमच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पापुद्रा. तो ओरखडला तरी हवेतील प्राणवायूमुळे आपोआप पुन्हा तयार होतो.

मग फरक कोठे पडतो? पोलादाचा ठोकळा सुमारे १,१०० ते १,२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रुळांखाली दाबला की तो कणकेच्या गोळ्यासारखा सहज पसरतो. ही झाली गरम लाटणी. तिच्यात पृष्ठभागावर काळपट खपली धरते. पुढे पत्रा पुन्हा तापवून मऊ करतात आणि आम्लात बुडवून खपली काढतात. हाती येतो तो मंद राखाडी, किंचित खरबरीत पत्रा. हाच पत्रा नेहमीच्या तापमानाला पुन्हा रुळांखाली घातला की थंड लाटणी होते. म्हणजे थंड लाटलेला प्रत्येक पत्रा आधी गरम लाटलेला असतोच! तामिळनाडूतील सेलमचा कारखाना १९८० च्या दशकाच्या आरंभी सुरू झाला तेव्हा तेथे केवळ थंड लाटणी होती व गरम लाटलेला माल बाहेरून आणावा लागे. गरम लाटणीची गिरणी तेथे १९९५ मध्ये आली.

थंड लाटणीने पत्रा गुळगुळीत होतो आणि त्याची जाडी अधिक नेमकी राहते. त्या क्रियेत तो कठीणही होतो हे खरे. परंतु टाकीसाठी मिळणारा '२बी' पत्रा लाटल्यानंतर पुन्हा तापवून मऊ केलेला असतो. म्हणून थंड लाटलेला पत्रा फार मजबूत, या समजुतीवर जाडी कमी करणे धोक्याचे आहे.

आता थोडे गणित. गोल टाकीच्या भिंतीची जाडी काढण्यासाठी तळाचा दाब व्यासाने गुणावा आणि धातूने निर्धास्त पेलावयाच्या ताणाच्या दुपटीने भागावे. हा ताण दर चौरस मिलिमीटरला १३७ न्यूटन धरू. २ मीटर व्यासाच्या टाकीत २ मीटर उंच दूध असेल तर उत्तर येते अवघे ०.१५ मि.मी.! इतक्या पातळ पत्र्याची टाकी उचलतानाच चेपेल. म्हणून वेल्डिंग व हाताळणी यांचा विचार करून २ ते ३ मि.मी. पत्रा घेतात. या जाडीत थंड लाटलेला पत्रा सहज मिळतो. उलट १० मीटर व्यासाची व १० मीटर उंचीची पाण्याने भरलेली टाकी घेतली तर तेच सूत्र सुमारे ३.६ मि.मी. सांगते. त्यात सांध्यांची व वाऱ्याची तजवीज मिळवली की तळाच्या कड्याला ५-६ मि.मी. जाडीची प्लेट लागते, आणि ती बहुधा गरम लाटलेलीच मिळते. तात्पर्य, जाडी आधी ठरते आणि लाटणीची निवड पुष्कळदा तिच्या मागून येते.

दुसरी कसोटी पृष्ठभागाची. थंड लाटलेल्या २बी पत्र्याचा सरासरी खरबरीतपणा साधारण ०.१ ते ०.५ मायक्रॉन असतो, तर गरम लाटलेल्याचा ३ ते ६ मायक्रॉन किंवा अधिकही. जीवाणूचा आकार सुमारे १ मायक्रॉन! खरबरीत पत्र्याच्या खोलगटीत दुधाचा अंश व जीवाणू दोन्ही दडून बसतात, आणि धुतलेली टाकीसुद्धा उद्याचे दूध नासवू शकते. म्हणून अन्नाला लागणारा पृष्ठभाग ०.८ मायक्रॉनपेक्षा खरबरीत नसावा, असा संकेत आहे. गरम लाटलेली प्लेट घासून तितकी गुळगुळीत करता येते, पण मजुरी वाढते. टाकीचे पाय आणि बाहेरचे आधार यांना मात्र गरम लाटलेला माल उत्तम, तेथे गुळगुळीतपणासाठी पैसे घालवण्याचे कारण नाही.

आणखी दोन सावधगिरीच्या गोष्टी. बाजारात चुंबक लावून पाहण्याची रीत आहे, पण ती फसवी आहे. अस्सल ३०४ सुद्धा थंड अवस्थेत वाकवल्यावर किंचित चुंबक धरू लागते. उलट निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या २०१ ला चुंबक चिकटत नाही आणि तरीही ते गंजाला अधिक लवकर बळी पडते. म्हणून कारखान्याचा तपासणी दाखला मागावा. दुसरे असे की टाकी बिघडते ती बहुधा सांध्यापाशी. वेल्डिंगने उमटलेले निळे-तपकिरी डाग आम्लाने काढले नाहीत तर महाग पत्राही तेथे गंजतो. जाड कामाला कमी कार्बनचे ३०४ एल घ्यावे. पाणी खारे असेल, किंवा टाकी क्लोरीनच्या द्रावणाने धुतली जात असेल, तर ३०४ ला बारीक छिद्रे पडण्याचा संभव असतो. तेथे मॉलिब्डेनमयुक्त ३१६ चा विचार करावा. हा दोष गुळगुळीत लाटणीने भरून निघत नाही.

तेव्हा मागणीपत्रात नुसते 'स्टेनलेस, चांगल्या प्रतीचे' असे लिहून भागत नाही. टाकीत काय साठणार, धातूची प्रत कोणती, जाडी किती, आतील पृष्ठभाग कसा आणि सांधे साफ कसे करणार, या पाच गोष्टी याच क्रमाने लिहाव्यात. मग गरम की थंड हा प्रश्न बहुतेक वेळा आपोआप सुटतो, आणि सभासदांचा रुपया जेथे लागायला हवा तेथेच लागतो.