मेर्सेन संख्या म६७

२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला असता मिळणारी २१ अंकी पूर्णांक संख्या. दशमान पद्धतीत ती १४७५७३९५२५८९६७६४१२९२७ अशी, तर द्विमान पद्धतीत सलग ६७ एकांनी लिहिली जाते. बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या परिचित कथेत ६४ घरांत मिळून जितके दाणे होतात, त्यांच्या आठपटीपेक्षा ही संख्या फक्त ७ ने मोठी आहे. एखादी संख्या अविभाज्य नाही हे कळणे आणि तिचे अवयव कळणे या भिन्न गोष्टी आहेत, हे हिच्या इतिहासावरून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या संख्येवरून होत असेल.

घातांक अविभाज्य असल्याखेरीज या प्रकारची संख्या अविभाज्य असू शकत नाही. मात्र याचा व्यत्यास खरा नाही, उदा., म११ = २०४७ = २३ × ८९. फ्रेंच विद्वान मारँ मेर्सेन यांनी १६४४ मध्ये अविभाज्य संख्या देणाऱ्या घातांकांची २५७ पर्यंतची यादी दिली; तीत ६७ चा समावेश होता. ते खरे असते, तर म६७ ला २ च्या ६६ व्या घाताने गुणून यूक्लिड यांच्या नियमानुसार एक परिपूर्ण संख्या मिळाली असती. (यादीतून ६१ वगळला गेला होता, ६७ हा त्याचाच मुद्रणदोष असावा, असा तर्क काहींनी केला आहे.)

एदवार ल्यूकस यांनी १८७६ मध्ये म६७ संयुक्त असल्याचे दाखविले, पण एकही अवयव न देता. त्यांच्या कसोटीचे सोपे रूप डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये दिले. ४ पासून आरंभ करून प्रत्येक पदाचा वर्ग करावा, त्यातून २ वजा करावे व दिलेल्या संख्येने भागून शेष घ्यावा. म७ = १२७ करिता पदे ४, १४, ६७, ४२, १११, ० अशी येतात; सहावे पद शून्य, म्हणून १२७ अविभाज्य. म६७ करिता ६६ वे पद शून्य येत नाही. फेर्मा यांची २ या आधाराची कसोटी मात्र येथे निरुपयोगी ठरते, कारण म६७ संयुक्त असूनही तीत उत्तीर्ण होते.

फ्रँक नेल्सन कोल यांनी १९०३ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीपुढे १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे अवयव मांडले. ते शोधण्यास तीन वर्षांचे रविवार लागले, अशी आख्यायिका आहे. दोन्ही अवयव अविभाज्य आहेत. म६७ च्या प्रत्येक अविभाज्य अवयवाला १३४ ने भागल्यास शेष १ आणि ८ ने भागल्यास शेष १ किंवा ७ उरलाच पाहिजे. तरीही नुसत्या भागाकाराने लहान अवयवापर्यंत पोहोचण्यास सुमारे ७.२ लाख उमेदवार शिल्लक राहतात. कोल यांनी वर्गशेषांच्या साहाय्याने ही संख्या बरीच घटविली.

आज संगणक हे अवयव क्षणार्धात देतो. परंतु म१२७७ ही ३८५ अंकी संख्या संयुक्त असल्याचे सिद्ध झालेले असूनही २०२३ अखेरपर्यंत तिचा एकही अवयव हाती आला नव्हता.